तुरा हवा की कलगी? फेट्याची ऑर्डर देण्याआधी हे वाचा

"फेट्याला तुरा पाहिजे," असा फोन आला की आम्ही लगेच विचारतो, "नेमका कसला?" काहींना हा प्रश्न उगाच वाटतो. पण तयार फेटे कार्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे परत येतात, ते बहुतेक वेळा याच एका शब्दामुळे.

'तुरा' फारसी 'तुर्रा'वरून आला आणि मराठीत चांगलाच रुजला. कोंबड्याला तुरा असतो, उसाला नि मक्याला तुरा येतो, पाहुण्यांचं स्वागत हारतुऱ्यांनी होतं. शाहिरीत तर दोन पक्षच आहेत: तुरेवाले शिवाला थोर मानतात, कलगीवाले शक्तीला. शाहिरांनी हे दोन शब्द कधी एकमेकांत मिसळू दिले नाहीत. फेट्याच्या बाबतीत मात्र ते सर्रास मिसळतात.

आमच्याकडे तुरा म्हणजे फेट्याच्याच कापडाचं टोक, चुण्या घालून पंख्यासारखं वर उभं केलेलं. पाठीवर सोडलेलं टोक तो शेमला. पिसांचा झुबका ती कलगी, आणि ती ज्यात खोचतात तो कपाळावरचा दागिना शिरपेच. पगडीवरून लोंबणाऱ्या मोत्यांच्या सरांनाही तुराच म्हणतात, तेव्हा तो हवा असेल तर 'मोत्यांचा तुरा' असं पूर्ण सांगा.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? कलगी अगदी मांडवाच्या दारातही खोचता येते. कापडी तुऱ्याचं तसं नाही. त्याच्यासाठीचं कापड फेटा बांधायला घेतानाच राखून ठेवावं लागतं. मागाहून "तुरा राहिला" म्हटलं, तर सगळा फेटा सोडून पुन्हा बांधावा लागतो. शिवलेला असेल तर टाके उसवावे लागतात. एका घरच्या लग्नासाठी आम्ही चाळीस फेट्यांना कापडी तुरे काढले आणि त्यांना हव्या होत्या कलग्या. त्या रात्री आमची माणसं झोपली नाहीत. तेव्हापासून नमुन्याचा फोटो पाहिल्याशिवाय आम्ही कापडाला हात लावत नाही. याला उशीर म्हणू नका, यातच तुमचा वेळ वाचतो.

बगळ्याच्या पिसांची कलगी आम्ही करत नाही. ती नाजूक पिसं बगळ्याला विणीच्या हंगामात येतात आणि त्यांच्यासाठी पूर्वी पक्षी मारले जात. मोराची आपोआप गळलेली पिसं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे देशात विकता येतात, पण त्यांच्या निर्यातीला बंदी आहे. फेटा परदेशी पाठवायचा असेल तर आधी सांगा, त्याची कलगी आम्ही मोरपिसांची करणार नाही. एरवी आम्ही कोंबड्याची रंगवलेली पिसं वापरतो. ती हलकी असतात आणि फेट्याच्या काठाशी जुळेल असा रंग त्यांच्यावर छान बसतो.

कलगी पावसात भिजू देऊ नका, रंग फेट्यावर उतरतो. डब्यात ठेवताना झाकणाखाली दाबू नका. पिसं विसकटली तर किटलीच्या वाफेवर लांबूनच जरा धरा आणि बोटांनी हलकेच सरळ करा. आमच्याकडून नेलेली कलगी असेल तर दुकानात घेऊन या, आम्हीच नीट करून देऊ. त्याचे पैसे घेत नाही.

ऑर्डर देताना दोन फोटो पाठवा, एक समोरून आणि एक बाजूने. बाजूचा विसरू नका. तुरा किती उंच आहे ते त्यातच दिसतं.