55 टनांतले कामाचे किती?

जयपूरजवळच्या जयगड किल्ल्यावरच्या जयवाण तोफेचा फोटो आला की खाली ठरलेले वाक्य असतेच: एकदाच डागली, गोळा 35 किलोमीटरवर चाकसूला पडला आणि तिथे तलाव झाला. हवा नाहीच असे धरले तरी एवढा पल्ला गाठायला गोळा सेकंदाला 586 मीटर वेगाने सुटायला हवा. काळ्या दारूच्या तोफांत हा वेग साधारण 400 ते 500 मीटर. शिवाय हवा आहेच. 50 किलोचा लोखंडी गोळा 450 मीटर वेगाने निघाला, तर सुरुवातीला हवेचा अडथळा त्याच्या वजनाच्या जवळपास दहापट भरतो. तलावाचे श्रेय पावसाला द्यावे.

तोफवेड्यांची खरी गल्लत मात्र टनांबाबत होते. धातू जास्त, म्हणून दारूही जास्त सोसणार, असे आपण गृहीत धरतो. ते एका मर्यादेपर्यंतच खरे आहे.

नळी म्हणजे एकात एक घट्ट बसलेल्या पातळ बांगड्या, असे समजा. बार उडाला की वायूचा दाब सर्वात आतल्या बांगडीला फुगवतो, ती बाहेरचीला रेटते, ती पुढचीला. प्रत्येक बांगडी रेट्याचा काही वाटा स्वतः पेलते, त्यामुळे बाहेर जाताना रेटा घटत जातो. त्यात बाहेरची बांगडी घेराने मोठी, म्हणून तेवढीच सरकली तरी प्रमाणात कमी ताणली जाते.

फ्रेंच गणिती लामे याने हे समीकरणात बसवले. बाहेरचा व्यास आतल्याच्या दुप्पट असेल, तर आतल्या पृष्ठभागावरचा ताण वायूच्या दाबाच्या 1.67 पट येतो. व्यास चौपट केला, म्हणजे धातू पाचपट ओतला, तर 1.13 पट. पुढे कितीही जाडी वाढवा, आकडा 1 च्या खाली उतरत नाही. चौपट व्यासाच्या नळीत सर्वात बाहेरच्या थरावर आतल्याच्या जेमतेम आठवा हिस्सा ताण येतो. तो धातू बहुतांशी नुसता बसून असतो. दाब धातूच्या ताणसामर्थ्यापलीकडे गेला की बिडासारख्या ठिसूळ धातूत तडा आतून सुरू होतो, भिंत केवढीही असो.

विजापूरची मलिक-ए-मैदान 1549 मध्ये अहमदनगरला मुहम्मद रूमीने ओतली. वजन सुमारे 55 टन, तोंड 70 सेंटिमीटर. ती पंचधातूची आहे म्हणून उन्हात तापत नाही, असे ऐकायला मिळते. धातू मुळात दोनच आहेत, सुमारे 80 टक्के तांबे आणि 20 टक्के कथील. आणि 55 टन धातू, कुठलाही असो, सावकाशच तापतो. खरे नवल निराळे आहे. हे प्रमाण घंटेच्या काशाचे. तोफेच्या काशात कथील 10 टक्क्यांच्या आसपास ठेवत, म्हणजे नळी फुटण्याआधी फुगते आणि गोलंदाजाला इशारा मिळतो. 20 टक्क्यांचे कासे कडक पण ठिसूळ. अशा नळीला दगडी गोळाच मानवतो. या तोंडाच्या मापाचा दगड साडेचारशे किलोच्या आसपास भरतो, लोखंड बाराशेच्या. हलका गोळा लवकर हलतो, वायूला जागा मिळते, दाब फार चढत नाही.

भिंत जाड न करता आतल्या थराला मदत करायची, तर त्याला आधीच बाहेरून आवळून ठेवायचे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, ती निवताना आवळते, तसेच. तंजावरची राजगोपाल आणि स्कॉटलंडची मॉन्स मेग (1449) या घडीव लोखंडी तोफांवर अशाच कड्या आहेत. मेगच्या कड्या 1680 च्या सुमारास सलामी देताना तुटल्या. ती जागा आजही दिसते.

ओतीव तोफेत हे साधले अमेरिकेच्या थॉमस रॉडमनने. भरीव ओतून मग भोक पाडलेल्या तोफेत बाहेरचा भाग आधी गोठतो. आतला नंतर आकसू पाहतो आणि बार उडण्याआधीच ताणलेला राहतो. नेमके उलटे हवे! रॉडमनने पोकळ गाभ्यातून थंड पाणी खेळवले आणि साच्याबाहेर विस्तव ठेवला. आतला थर आधी गोठला, बाहेरचे नंतर त्याच्यावर आवळत गेले. 1864 मध्ये या रीतीने ओतलेली 20 इंची तोफ 52 टनांची, म्हणजे वजनात मलिक-ए-मैदानच्या जवळपास. पण ती 490 किलोचा लोखंडी गोळा फेकत असे.

म्हणून तोफ बघताना तोंडात डोके घालून फोटो काढण्यापेक्षा मागे जावे. दाब सर्वाधिक तिथेच असतो. 1464 च्या तुर्की दार्दानेल्स तोफेचे तोंड 63 सेंटिमीटरचे, पण दारूची कोठी फक्त 25 सेंटिमीटरची. लामेच्या गणितातला आतला व्यास या कोठीचा धरायचा.