करंट कमी येणे

जुन्या पेट्रोल मोटारीत प्लगवर पडणारी ठिणगी हवा-पेट्रोलचे मिश्रण नीट पेटवण्याइतकी जोमदार नसणे, हा एक प्रज्वलनदोष. गॅरेजच्या बोलीत ठिणगीला ‘करंट’ म्हणतात. पूर्वी मुंबईत कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर यांसारखी पॉइंटवाली (उघडझाप करणाऱ्या धातूच्या संपर्कांच्या जोडीवर ठिणगी पाडणारी) गाडी ज्यांनी बाळगली, त्यांनी ‘करंट आहे, पण कमी आहे’ हे निदान कधी ना कधी ऐकलेले असते. अशी गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, चढावर मिसिंग करते (मधूनमधून ठिणगी चुकून इंजिन अडखळते), मधूनच सायलेन्सरमध्ये फटाका वाजतो.

पॉइंट मिटलेले असताना १२ व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून वाहतो. कॅमने, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्याने, पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्ट निर्माण होतात. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला १०० वेळा घडते. पॉइंट, प्रत्येक प्लगकडे करंट वाटणारा रोटर आणि वरची कॅप ज्यात बसतात त्या डिस्ट्रिब्युटरला आपले मिस्त्री ‘डेल्को’ म्हणतात. चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतील डेटन येथे काढलेल्या कंपनीचे हे नाव. वनस्पती तुपाला डालडा म्हणावे, तसेच.

प्लग काढून इंजिनच्या बॉडीला टेकवायचा आणि स्टार्टर मारायचा, ही रूढ परीक्षा फसवी आहे. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून ठिणगी पडायला उघड्या हवेपेक्षा बरेच जास्त व्होल्ट लागतात. बाहेर दिसणारी ठिणगी आत पडेलच असे नाही. त्यापेक्षा कॉइलच्या मधल्या वायरचे टोक इन्सुलेटेड पकडीने धरून बॉडीपासून ५-६ मिलिमीटरवर ठेवावे. निळी, चट्चट् वाजणारी ठिणगी चांगली. बारीक, पिवळट-नारिंगी ठिणगी म्हणजे दोष आहे. आसपास पेट्रोल सांडलेले नसावे, हे सांगायला नकोच.

दोष बहुधा स्वस्त भागांत सापडतो, तरी आधी कॉइल बदलण्याची घाई होते. पहिला संशय पॉइंटवर घ्यावा. एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्यावर टेंगूळ दिसले, तर धातू इकडून तिकडे गेला आहे. पॉलिश पेपरने तात्पुरते भागते. खरे तर जोडी बदलावी. पूर्ण उघडल्यावर फट साधारण ०.४ मिलिमीटर हवी (नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा). फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) नसेल तर जाडसर व्हिजिटिंग कार्डावर घरापर्यंत पोहोचता येते. पॉइंट मिटलेले, किल्ली चालू असताना पॉइंटच्या वायरपासून बॉडीपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर पॉइंट तरी मळलेत किंवा आतली बारीक अर्थिंगची तार तरी तुटत आलीय. ही तार मोजूनच सापडते, डोळ्यांना धडधाकट दिसते. मोजणी झाली की किल्ली लगेच बंद करावी, नाहीतर कॉइल तापते.

पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील आणि उघडताना त्यांच्यातच मोठी ठिणगी उडत असेल, तर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर (कपॅसिटर) गेलेला असतो. कंडेन्सरशिवाय प्रवाह झटकन तुटत नाही, म्हणून कॉइलही जोर करू शकत नाही. काही कंडेन्सर थंड असताना ठीक चालतात आणि इंजिन तापल्यावर दगा देतात. असा दोष गॅरेजात उभ्या गाडीत दिसतच नाही.

पावसाळ्यात गुन्हेगार बहुतेकदा कॅप. आत दमटपणा धरला की करंट भलतीकडे पळतो आणि पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ उमटते. नुसता दमटपणा कोरड्या फडक्याने जातो, रेघ पडलेली कॅप मात्र टाकूनच द्यावी. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालवले, तर चिरलेल्या प्लग वायरींवर निळे झगमगाट दिसतात.

हे सगळे निर्दोष निघाले तरच कॉइलकडे वळावे. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलचे प्राथमिक वेटोळे सुमारे ३ ओहम दाखवते. तिच्या तारा उलट लागल्या असतील तरी गाडी चालते, पण ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात आणि चढावर मिसिंग सुरू होते.