गावची राखण : चौकीदार, कॅमेरा आणि कायदा

कापूस निघाला की हिंगणघाट, वणी, अकोटकडच्या जिनिंगमध्ये रात्रीची राखण वाढते. कापसाच्या गंजीतली आग आतल्या आत धुमसते. धूर दिसेपर्यंत बराच माल गेलेला असतो. म्हणून जाणता चौकीदार गंजीभोवती फिरताना वास घेत फिरतो. आता आवारात कॅमेरे लागलेत, पण हे काम अजून त्याच्याचकडे आहे. चौकीदार आणि कॅमेरा या दोघांना लागू होणारे नियम मात्र फार वेगवेगळ्या वाटांनी आले.

गावात पूर्वीपासून कोतवाल, जागल्या होतेच. पोलीस पाटलाचं आजचं पद १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमातलं. पगारी चौकीदार तेव्हाही मालकाच्या मर्जीवरच होता. हमालांसाठीच्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर राज्याने १९८१ मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांचा कायदा केला. या कायद्याखालच्या सुरक्षा रक्षक मंडळाकडे नोंदणी, पगार मंडळामार्फत, भविष्य निर्वाह निधी. रक्षकाचं पोट डोळ्यांपुढे ठेवून केलेला हा कायदा आहे आणि त्याची किंमत आपण कमी करतो, असं मला वाटतं.

केंद्राचा २००५ चा कायदा रक्षक पुरवणाऱ्या खासगी एजन्सींसाठी आहे : परवाना, पडताळणी आणि प्रशिक्षण. आदर्श नियमांत १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, असं प्रशिक्षण सांगितलंय. माजी सैनिकांना त्यात सवलत आहे. गावातून नागपूर-पुण्याला गार्ड म्हणून जाणाऱ्या पोरांना विचारा, यातले किती तास पदरात पडले. हे तास कागदावर राहिले, तर रात्री गेटवर एकटा उभा राहणारा पोरगा धोक्यात येतो.

एजन्सीमालकांची बाजू दिल्लीत मांडायला ‘कॅप्सी’ ही त्यांची मध्यवर्ती संघटना आहे. जीएसटी हा तिचा जिव्हाळ्याचा विषय. सुरक्षा सेवेवर १८ टक्के कर. ग्राहकाने बिल थकवलं तरी तो एजन्सीने आधी भरायचा. तालुक्याच्या छोट्या एजन्सीचं यात कंबरडं मोडायचं. १ जानेवारी २०१९ पासून, एजन्सी कंपनी नसेल आणि ग्राहक जीएसटीत नोंदलेला असेल, तर कर ग्राहकानेच भरायचा, असं ठरलं. योग्यच झालं. रक्षकाच्या पगारासाठी एवढ्या नेटाने कोण बोलतं, हा प्रश्न मात्र उरतोच.

शेतात तंत्रज्ञान वेगळ्या रूपात आलं. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) हाकायला रात्री जागलीला जाणारा शेतकरी आता सौर झटका मशीन लावतो. तिचा झटका क्षणभराचा, जीव न घेणारा. कुंपणात थेट विजेचा प्रवाह सोडण्याने मात्र माणसं मेली आहेत. तो प्रकार बेकायदेशीर आहे, तरी थांबलेला नाही. ताडोबालगतच्या सीतारामपेठेत तर वाघ ओळखून गावाला सावध करणारे एआय कॅमेरे बसवले गेले.

कॅमेऱ्यांचा नियम सगळ्यात नवा. नेटला जोडलेला कॅमेरा बाहेरून कुणी उघडू नये म्हणून केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये सुरक्षा चाचणी सक्तीची केली. अंमल ऑक्टोबरपासून व्हायचा होता, तो ९ एप्रिल २०२५ पर्यंत पुढे गेला. कंपन्यांनी आणखी मुदत मागितली. ती मिळाली नाही. आधीच खांबावर चढलेल्या कॅमेऱ्यांची चाचणी यातून होत नाही. ज्या ग्रामपंचायतींनी असे कॅमेरे लावलेत, त्यांनी निदान कंपनीने दिलेला पासवर्ड तरी बदलून घ्यावा.