मुंबईचा कोट आणि पुण्याची धास्ती

पुण्याहून क्रूझसाठी निघणारी मंडळी बहुधा वेळेच्या बरीच आधी मुंबई गाठतात. घाटात वाहतूक कधी तुंबेल याचा नेम नसतो आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे बॅलार्ड पिअरला पोचल्यावर दोन-तीन तास हाताशी उरतात. त्यातला तासभर एका भिंतीसाठी काढावा. इंदिरा डॉकवरच्या क्रूझ टर्मिनलपासून पायी जाण्याच्या अंतरावर, पी. डिमेलो रस्त्याला लागून, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात काळ्या दगडाची जाडजूड तटबंदी उभी आहे. फोर्ट सेंट जॉर्जचं एवढंच अंग आता शिल्लक आहे. त्यातच राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं कार्यालय आहे.

मुंबईचे किल्ले म्हटलं की इंग्रजांचं नाव घेऊन आपण मोकळे होतो. पण ही तटबंदी ज्यांच्या भीतीने वाढत आणि जाड होत गेली, त्यांत पुण्याचे पेशवे पहिल्या रांगेत होते. शनिवारवाड्यात काय शिजतंय, याची चिंता मुंबईच्या गव्हर्नराला वर्षानुवर्षं लागून राहिली होती. म्हणून या भिंतीची गोष्ट मुंबईइतकीच पुण्याचीही आहे.

सुरुवात मात्र पोर्तुगीजांपासून होते. १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून ही बेटं त्यांना मिळाली. मुंबई बेट काही काळ गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे खंडाने होतं. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. बंदराकाठी त्याची गढीवजा हवेली होती. पुढे पोर्तुगीज राजकन्येशी झालेल्या लग्नाच्या १६६१ च्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. कंपनीने हवेलीभोवती तट उभारले आणि बॉम्बे कॅसल आकाराला आला.

तेव्हा तट होता तो कॅसलपुरता. भोवतालचं गाव उघडंच होतं. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान, औरंगजेबाच्या आरमाराचा सरदार, मुंबईत उतरला आणि इंग्रजांना त्याने कॅसलमध्ये कोंडून घातलं. शेवटी औरंगजेबाची माफी मागून, दीड लाख रुपये दंड भरून कंपनीला सुटका करून घ्यावी लागली. या धड्यानंतरही गावाला तट पडायला बरीच वर्षं गेली. तो उभा राहिला चार्ल्स बून गव्हर्नर असताना, म्हणजे १७१५ नंतर. त्याला तीन दरवाजे होते: दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्चगेट आणि उत्तरेला बझारगेट. याच बूनने कान्होजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर आणि खांदेरीवर आरमार धाडलं आणि दोन्हीकडून हात हलवत परत आणलं.

खरी गोष्ट सुरू होते १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेपासून. त्या वर्षी ठाणं आणि पाठोपाठ मुंबईच्या उत्तरेची जवळजवळ सगळी साष्टी मराठ्यांनी घेतली. इंग्रज आणि पोर्तुगीज एकमेकांचे जुने दावेदार, पण मराठे माहीमच्या खाडीपलीकडे येऊन ठेपल्यावर मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. वांद्र्याच्या टोकावरचा पोर्तुगीज किल्ला मराठ्यांच्या हाती पडला तर माहीम तोफेच्या टप्प्यात येईल, म्हणून इंग्रजांनी पोर्तुगीजांना तो पाडायला लावला. वसईत अडकलेल्या पोर्तुगीजांनी मदत मागितली, तेव्हा मुंबईने थोडा दारूगोळा दिला. पैसा दिला तो मात्र चर्चमधली चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून! सावकारी आणि शेजारधर्म एकाच वहीत मांडणाऱ्या कंपनीचा स्वभाव या एका व्यवहारातून जितका कळतो, तितका मोठमोठ्या तहांतून कळत नाही.

मे १७३९ मध्ये वसई पडली. आता मुंबईला लागून मराठ्यांचा मुलूख होता, मध्ये फक्त खाडी. इंग्रजांनी एकाच वेळी दोन कामं हाती घेतली. एकीकडे कॅप्टन इंचबर्डला चिमाजी अप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डनला साताऱ्याला शाहू महाराजांकडे गोड बोलायला पाठवलं. इंचबर्डने जुलैत तह करून पेशव्यांच्या मुलखात व्यापाराची मुभाही मिळवली. दुसरीकडे गावच्या तटाबाहेर खंदक खणायला घेतला. हा खर्च एकट्या कंपनीने केला नाही. मुंबईतल्या देशी व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपये वर्गणी काढली. त्यांच्या वखारी आणि पेढ्या तटाच्या आत होत्या. मराठे आले असते तर पहिला फटका त्यांनाच बसणार होता.

खंदक एकटा पुरत नाही. समोरून येणारा शत्रू दिसायला हवा आणि त्याला आडोसा मिळता कामा नये. त्यासाठी तटासमोरची घरं आणि नारळीची झाडं पुढच्या काळात टप्प्याटप्प्याने काढून टाकली गेली. १८०३ च्या मोठ्या आगीनंतर ही मोकळी जागा आणखी रुंद झाली. आज आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही जी सलग हिरवी पट्टी दिसते, ती त्या तोफांच्या माऱ्यासाठी राखलेल्या जागेचाच उरलेला भाग आहे. ओव्हलवर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना ते मैदान मिळालं, त्यात चिमाजी अप्पांचाही थोडा वाटा आहे, असं मी मनापासून मानतो. पुण्यात ओंकारेश्वरला त्यांची समाधी आहे. भीमाशंकरच्या देवळासमोरची पोर्तुगीज घंटा त्यांच्याच मोहिमेतून आली असं मानतात. पण मुंबईच्या नकाशावर उमटलेली त्यांची खूण आपण फारशी सांगत नाही.

तटाच्या उत्तरेला डोंगरीची टेकडी होती. तिच्यावर तोफा चढल्या असत्या तर अख्खा कोट माऱ्यात आला असता. मराठ्यांच्या जोडीला आता फ्रेंचांचीही धास्ती होती. शेवटी इंग्रजांनी ती टेकडीच छाटून सपाट केली आणि १७६९ मध्ये तिथे नवा किल्ला बांधला. तिसऱ्या जॉर्ज राजाचं नाव त्याला दिलं. हॉस्पिटलच्या आवारातली भिंत ती हीच.

एवढी तयारी झाल्यावर इंग्रजांची नजर बाहेर वळली. डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाणं घेतलं आणि रघुनाथरावांना हाताशी धरून पेशवाईच्या भांडणात उडी घेतली. नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईची फौज राघोबादादांना गादीवर बसवायला पुण्याकडे निघाली. बरोबर सामानाचे १९ हजार बैल होते. बोरघाट चढल्यावर हे लटांबर दिवसाकाठी मैलभरसुद्धा सरकेना. मराठ्यांनी दाणा-वैरण तोडली आणि वाटेवर छापे घातले. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या हिमतीवर मराठेही खूश होते. त्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं आणि वडगाव मावळात त्याची समाधी आजही आहे. फौज तळेगावला पोचली तेव्हा गाव जाळून रिकामं केलेलं होतं. इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि रात्री मागे फिरले, तर वडगावला महादजी शिंद्यांनी त्यांना घेरलं. तहात ठाणं आणि साष्टी परत करायचं कबूल झालं. मुंबईला पोचताच गव्हर्नर हॉर्नबीने तो तह झिडकारला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. मराठ्यांनी रणात कमावलेलं कागदावर गेलं, हे आजही सलतं.

नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि मुंबईच्या कोटाची गरजच संपली. तरी तो आणखी चाळीस-पंचेचाळीस वर्षं उभा राहिला. तोवर आत दाटी एवढी झाली होती, की तट म्हणजे शहराला अडचण वाटू लागली. बार्टल फ्रिअर १८६२ मध्ये गव्हर्नर झाला आणि त्याने तट पाडायला काढले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव गगनाला भिडले होते आणि मुंबईत पैसा खेळत होता. मोकळ्या झालेल्या जागेवर नवी शहररचना झाली. चर्चगेट होतं तिथे फ्लोरा फाउंटन आलं. त्याच सुमाराला, १८६३ मध्ये, बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. ज्या घाटाने १९ हजार बैलांची दमछाक केली, त्यातून पुणे-मुंबई गाडी धावू लागली.

पाहायचं ठरवलंत तर क्रम असा ठेवा. आधी सेंट जॉर्जची भिंत. ते चालतं हॉस्पिटल आहे, तेव्हा रुग्णांच्या वाटेत न येता बघा आणि भिंतीची जाडी डोळ्यांत साठवून घ्या. तिथून जीपीओच्या बाजूने बझारगेटच्या गल्ल्यांतून दक्षिणेला गेलात की हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिकच्या पायऱ्या लागतात. मूळ बॉम्बे कॅसल एशियाटिकच्या मागेच आहे, नौदलाच्या हद्दीत. त्याच्या दरवाजावर कोरलेल्या पोर्तुगीज शिपायांच्या आकृती अजून आहेत, पण आत परवानगीशिवाय सोडत नाहीत. नौदलाच्या या तळाचं नाव आहे आयएनएस आंग्रे, कान्होजींच्या नावावरून ठेवलेलं.