मस्कोव्ही बदक : पाळीव की रानटी, हा घोळ कुठून आला

मस्कोव्हीचा मॉस्कोशी काडीचा संबंध नाही. फ्रेंच लोक त्याला बार्बरीचं, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याचं बदक म्हणतात, बंगाल-आसामात ते चिना हांस, आणि ही नावंही तितकीच चुकीची. पेरू फळाचं नाव पेरू देशावरून आलं की पोर्तुगीज ‘पेरा’वरून, हा आपल्याकडचा वाद त्याच जातीचा. त्यातल्या त्यात इटालियन नाव खरं बोलतं : मुकं बदक. नर नुसता फुत्कारतो, मादी हळू चिवचिवते.

मूळ मेक्सिको ते दक्षिण अमेरिका या पट्ट्यातलं. युरोपीय जहाजं पोहोचण्याआधीच तिथल्या लोकांनी ते माणसाळवलं होतं, सोळाव्या शतकात ते युरोपात गेलं. पेकिन, खाकी कॅम्पबेल, रनर ही सगळी पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकाची वंशावळ. मस्कोव्हीची प्रजातच वेगळी. म्हणून दोघांची संकरित पिल्लं मोठी होतात, पण त्यांचा वंश पुढे चालत नाही. तैवानमधला बदकमांसाचा धंदा आणि फ्रान्समधला फ्वा ग्रा, म्हणजे बदकाच्या चरबीदार यकृताचा धंदा मुख्यतः या वांझ संकरावर उभा आहे.

वेगळेपणाचा पहिला फटका उबवणीत बसतो. मॅलार्डवंशी बदकांची अंडी 28 दिवसांत फुटतात, मस्कोव्हीची साधारण 35 दिवसांत. यंत्रात अंडी ठेवून 29व्या-30व्या दिवशी ‘नासली’ म्हणून टाकून दिली, की आत जिवंत पिल्लं असतात. खुडूक मादी हे काम यंत्रापेक्षा चांगलं करते. 40 सेंटिमीटर रुंदीचं खोकं, कोरडं गवत आणि आडोसा एवढं तिला पुरतं. पाच-सहा माद्यांमागे एक नर ठेवावा. पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य तसंच घातलं, तर नायसिन (ब-3 जीवनसत्त्व) कमी पडतं आणि पाय वाकतात. खाद्यावर ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवण्यातलं वाळवलेलं यीस्ट) भुरभुरायची ती त्यासाठीच.

पण पाळीव की रानटी या घोळावरून अलीकडे गाजला तो अमेरिकेतला 2010 सालचा नियम. तिथला स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा 1918 सालचा आहे. त्याच्या यादीत मस्कोव्ही आलं, कारण रानटी मस्कोव्हीचा नैसर्गिक पल्ला टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाला, रिओ ग्रँदे नदीकाठच्या तीन काउंट्यांत (जिल्ह्यांत) अमेरिकेला शिवतो. बाकी देशभर, विशेषतः फ्लोरिडातल्या तळ्यांवर, दिसतात ती पाळीव पक्ष्यांची मोकाट सुटलेली प्रजा. मार्चअखेर लागू झालेल्या नियमाने नैसर्गिक पल्ल्याबाहेरचे मोकाट पक्षी, घरटी, अंडी नष्ट करायला जमीनमालकांना मोकळीक दिली. तिथवर ठीक. पण त्याच नियमात खाण्यासाठी विकायचे पक्षी सोडून नव्याने मस्कोव्ही पाळण्यावर बंदी आली. म्हणजे परसात चार माद्या शोभेसाठी किंवा माश्या टिपायला नव्याने आणणारा माणूस एका रात्रीत गुन्हेगार.

नियम करणाऱ्या अमेरिकेच्या वन्यजीव खात्याची अडचण खोटी नव्हती. पेकिनसुद्धा प्रजातीने मॅलार्डच, पण पांढरं, बोजड पेकिन पाहताच पाळीव म्हणून कळतं. काळं-पांढरं पाळीव मस्कोव्ही मात्र रानटीसारखंच दिसतं. तरी फरक आहेत : पांढरा, निळसर, चॉकलेटी हे रंग माणसाने जोपासलेले. पाळीव पक्षी वजनालाही जड, आणि चेहऱ्यावर लाल गाठाळ मांस रानटीपेक्षा बरंच जास्त. ही खूण नियमात वापरता आली असती. प्रजात एक, म्हणून नियम एक, हा सरकारी आळस. पाळणाऱ्यांनी ओरड केली तेव्हा नियम पुन्हा बघू, असं कबूल करावं लागलं.

मोकाट प्रजेचं मूळ मात्र परसातच आहे, हेही मान्य करायला हवं. तीन किलोची मादी सहज कुंपण ओलांडते, नखं असल्याने रात्री झाडावर बसते. पूर्ण वाढलेला पाच-सहा किलोचा नर फारसा उडत नाही. उडणं थांबवायचं तर एकाच पंखाची मोठी उड्डाणपिसं कापावीत, म्हणजे तोल जातो. दोन्ही पंख सारखे कापले तर मादी कशीबशी वर जातेच. पिसाचा देठ निळसर, भरलेला दिसला तर हात लावू नये, कारण ते वाढतं पीस असतं आणि कापलं की रक्ताची धार लागते. पिसं झडून नवी आली, की कात्री पुन्हा काढावी लागते.