रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं?

कापड रंगवल्यानंतरचं सांडपाणी नितळ दिसलं की शुद्ध झालं, हा समज जुना आहे आणि चुकीचा. ॲझो या कापडासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांचा रंग नायट्रोजनच्या दोन अणूंमधल्या दुहेरी बंधावर टिकून असतो. तो तुटला की रंग जातो, रेणूचे तुकडे पाण्यातच राहतात. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत तर त्यांतून ॲरोमॅटिक अमाइन, म्हणजे कार्बनच्या कड्याला नायट्रोजनचा गट जोडलेली संयुगं, बनतात. त्यांपैकी काही रंगांतून सुटणारं बेंझिडीन कर्करोगकारक आहे. म्हणजे लालभडक पाणी परवडलं!

असं पाणी साफ करायला वापरलं जाणारं ग्राफीन ऑक्साइड (ऑक्सिजन जोडलेला कार्बनचा अतिपातळ थर) रंग नुसता धरून ठेवतं, संपवत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील किरण पडल्यावर तयार होणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, रंगाचे रेणू खरोखर फोडतात, पण रंग उडाल्यावरही ते काम बरंच बाकी असतं. ते कितपत झालं, हे एकूण सेंद्रिय कार्बन, म्हणजे पाण्यात उरलेल्या सेंद्रिय पदार्थांतला सगळा कार्बन, मोजल्यावर कळतं.