दोन लाटणी, एक तवा

१९९९ साली तैवानच्या अबिट कंपनीने बीपी६ नावाचा मदरबोर्ड बाजारात आणला आणि स्वतःच्या हाताने संगणक जुळवणाऱ्या हौशी मंडळींपुढे एक नवाच हिशोब येऊन पडला. तोपर्यंत दोन प्रोसेसर घेणारे बोर्ड म्हणजे सर्व्हरची आणि महागड्या वर्कस्टेशनची मिरासदारी होती. या बोर्डावर मात्र इंटेलचे सर्वांत स्वस्त प्रोसेसर, म्हणजे सेलेरॉन, शेजारी शेजारी दोन बसत होते आणि त्यासाठी त्यांच्यात कसलाही बदल करावा लागत नव्हता. याआधी स्लॉटमध्ये बसणाऱ्या सेलेरॉनच्या पट्टीवर, दोन प्रोसेसरांना बसचा, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या सामाईक वाटेचा, ताबा आपापसात ठरवण्यासाठी लागणारी एक जोडणी इंटेलने मुद्दाम अपुरी ठेवली होती. तरीही पट्टीला बारीक भोक पाडून आणि केसाएवढी तार डाख देऊन जोडून ती जोडणी पुरी करणारे लोक होतेच. सॉकेटमध्ये बसणाऱ्या सेलेरॉनमध्ये तीच जोडणी चिपच्या पिनपर्यंत पोहोचलेली होती, आणि अबिटने ती बोर्डावरच पुढे नेली.

दोन स्वस्त प्रोसेसर घ्यावेत की त्याच पैशात एकच दमदार प्रोसेसर घ्यावा, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे. त्याचे उत्तर प्रोसेसरांच्या संख्येत शोधले तर ते हमखास चुकते. ते मेमरीकडे जाणाऱ्या वाटेत शोधावे लागते.

आधी बीपी६चे आकर्षण समजून घेऊ. त्या काळच्या सेलेरॉनमध्ये १२८ किलोबाइट कॅश मेमरी, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारी छोटी वेगवान मेमरी, प्रोसेसरच्या चिपवरच होती आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालत असे. त्याच्याहून महाग पेंटियम २मध्ये ती ५१२ किलोबाइट होती खरी, पण वेगळ्या चिपांवर होती आणि निम्म्या वेगाने चालत होती. त्यामुळे कितीतरी कामांत हा धाकटा भाऊ थोरल्याच्या बरोबरीने चाले. शिवाय ३६६ मेगाहर्ट्झच्या सेलेरॉनचा वेग म्हणजे ६६ मेगाहर्ट्झच्या बसची साडेपाच पट. ही पट चिपमध्येच पक्की केलेली असल्याने बदलता येत नसे, पण बसचा वेग बोर्डाच्या बायॉसमधून, म्हणजे बोर्डातच साठवलेल्या प्राथमिक प्रोग्राममधून, बदलता येत होता. तो ६६ वरून १०० केला की साडेपाच गुणिले १००, म्हणजे ५५० मेगाहर्ट्झ. प्रोसेसर, मेमरी आणि कार्डे यांना जोडणारा बोर्डावरचा इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट मुळातच १०० मेगाहर्ट्झच्या बससाठी बनवलेला होता, त्यामुळे या खटाटोपात मेमरी आणि इतर कार्डे आपापल्या ठरलेल्या वेगानेच चालत राहत आणि वाढीव ताण एकट्या प्रोसेसरवर येई.

हा ताण फुकटचा नव्हता. चिपमध्ये खर्च होणारी वीज वेगाच्या सम प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट केला आणि प्रोसेसर स्थिर राहावा म्हणून व्होल्टेज २ वरून २.२ केले, तर विजेचा खर्च १.५ गुणिले १.२१, म्हणजे जवळपास १.८ पट होतो. आणि असे प्रोसेसर दोन. ही सगळी वीज बोर्डावरच्या कॉइल आणि कपॅसिटरमधून जाते. पुढच्या काही वर्षांत अनेक बीपी६ बोर्डांवरचे कपॅसिटर फुगले आणि ज्यांचा या बोर्डावर जीव होता त्यांनी ते काढून नवे बसवले. कोणताही दुहेरी बोर्ड पारखताना सॉकेटच्या भोवती उभ्या असलेल्या या नळकांड्यांकडे आणि पॉवर सप्लायच्या जोडण्यांकडे मी आधी पाहावे म्हणतो, प्रोसेसरच्या यादीकडे नंतर.

आता मेमरीची वाट. बीपी६वरचे दोन्ही प्रोसेसर एकाच बसवर बसलेले होते. ही बस एका खेपेला ८ बाइट नेते आणि सेकंदाला १० कोटी खेपा करते, म्हणजे जास्तीत जास्त ८०० मेगाबाइट. दुसरा प्रोसेसर बसवल्याने हा आकडा तसूभरही वाढत नाही. घरी पोळ्या करताना दोघीजणी लाटायला बसल्या आणि तवा एकच असला तर काय होते ते आठवावे. एक पोळी लाटायला एक मिनिट आणि भाजायला अर्धे मिनिट लागत असेल, तर दोन लाटणी त्या तव्याला बरोबर पुरतात आणि पोळ्या दुप्पट होतात. भाजायलाही मिनिट लागत असेल, तर दुसऱ्या पोळपाटावर लाटलेल्या पोळ्यांचा नुसता ढीग साचतो. त्रिमितीय चित्राचे रेंडरिंग हे पहिल्या प्रकारचे काम आहे: एका ठिपक्याचा रंग ठरवायला प्रकाशकिरणाची भली मोठी आकडेमोड करावी लागते आणि त्यासाठी लागणारी माहिती बरेचदा कॅशमध्येच सापडते. तिथे दोन सेलेरॉन जवळपास दुप्पट काम करत. मोठमोठ्या आकड्यांच्या रांगा एकीकडून दुसरीकडे हलवण्याचे काम दुसऱ्या प्रकारचे, आणि तिथे दुसरा प्रोसेसर बहुतेक वेळ वाट पाहत बसे.

मुळात वाटून न घेता येणारा भाग प्रत्येक कामात थोडाफार असतोच. संगणकांचे रचनाकार जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ साली मांडलेला युक्तिवाद नेमका याच भागाविषयी होता. कामाचा दहावा हिस्सा एकट्यानेच करण्याजोगा असेल, तर दोन प्रोसेसरांवर ते काम दुप्पट वेगाने न होता १.८२ पटीने होते. निम्मा हिस्सा तसा असेल तर फक्त १.३३ पटीने, आणि मग कितीही प्रोसेसर आणले तरी वेग दुपटीच्या पलीकडे जात नाही. कणीक एकदाच मळायची असते.

दोन प्रोसेसरांच्या यंत्रातली सगळ्यात विलक्षण गोष्ट मात्र बाहेरून दिसत नाही. दोघांच्या कॅशमध्ये मेमरीतल्या एकाच जागेच्या दोन प्रती असू शकतात. एकाने आपली प्रत बदलली की दुसऱ्याची शिळी झाली. म्हणून प्रत्येक प्रोसेसर बसवरचे दुसऱ्याचे व्यवहार सतत कान देऊन ऐकत असतो, आणि आपल्याकडे असलेल्या जागेवर दुसरा लिहिणार असे कळताच आपली प्रत रद्द करतो. ही प्रत एकेका बाइटची नसते, तर ओळीची असते. सेलेरॉनमध्ये ३२ बाइटची, पुढच्या प्रोसेसरांत ६४ बाइटची. समजा, प्रोग्राम लिहिणाऱ्याने दोन प्रोसेसरांसाठी दोन स्वतंत्र मोजणी-चल, म्हणजे मोजणीचा आकडा ठेवण्याच्या जागा, ठेवले आणि ते मेमरीत योगायोगाने एकमेकांना लागून, एकाच ओळीत आले. तर्काने पाहता दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरीही पहिल्याने आपला आकडा वाढवला की दुसऱ्याची ओळ रद्द होते, दुसऱ्याने वाढवला की पहिल्याची, आणि ती ओळ दोन चिपांमध्ये अखंड येरझाऱ्या घालत राहते. अशा वेळी दोन प्रोसेसरांवर तोच प्रोग्राम एकापेक्षाही सावकाश चालू शकतो. दोन चलांमध्ये काही बाइटची रिकामी जागा सोडली की दोष जातो. एवढ्याशा अंतराने एवढा फरक पडावा, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रश्न त्या मानाने सरळ होता. विंडोज ९८ला दुसरा प्रोसेसर दिसतच नसे. तो नुसता तापत राही. विंडोज एनटी, नंतरचे विंडोज २०००, लिनक्स किंवा बीओएस (BeOS) या ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांनीच या बोर्डाचा खरा उपयोग केला.

आता अकरा वर्षे पुढे येऊ. २०१० साली ईव्हीजीए कंपनीने क्लासिफाइड एसआर-२ हा मदरबोर्ड काढला, तोही हौशी लोकांसाठीच, पण मोजमाप सगळे दांडगे. नेहमीचा एटीएक्स बोर्ड ३०.५ गुणिले २४.४ सेंटिमीटरचा असतो, हा ३४.५ गुणिले ३८.१ सेंटिमीटरचा होता आणि सर्वसाधारण कॅबिनेटमध्ये तो मावतच नसे. प्रोसेसर न धरता अमेरिकेत किंमत ६०० डॉलरच्या घरात. दोन सॉकेट, मेमरीचे १२ स्लॉट आणि ग्राफिक्स कार्डांसाठी ७ स्लॉट. त्यात जोडीने चालणारे प्रोसेसर इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या झिऑन मालिकेचेच लागत, कारण त्यांना एकमेकांशी आणि चिपसेटशी बोलण्यासाठी दोन स्वतंत्र दुवे असतात. तेवढ्याच दमाच्या कोअर आय७ला एकच दुवा असल्यामुळे तो जोडीदार घेऊ शकत नाही.

खरा बदल मेमरीत होता. प्रत्येक झिऑनचे मेमरी नियंत्रण त्याच्या पोटातच होते आणि १२ पैकी ६ स्लॉट त्याच्या एकट्याच्या मालकीचे होते. म्हणजे आता प्रत्येकीला आपला तवा मिळाला. डीडीआर३-१३३३ मेमरीच्या तीन वाहिन्या मिळून एका प्रोसेसरला सेकंदाला ३२ गिगाबाइट, म्हणजे बीपी६च्या सामाईक बसच्या चाळीसपट. पण पहिल्या प्रोसेसरला दुसऱ्याच्या स्लॉटमधली माहिती हवी असेल, तर ती मधल्या दुव्यावरून मागवावी लागते. तो एका दिशेला सेकंदाला १२.८ गिगाबाइटच नेतो आणि प्रत्येक मागणीला जवळच्या मेमरीपेक्षा सुमारे दीडपट वेळ लागतो. अंतर इथे शब्दशः अंतर असते. बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेतून संदेश एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो, म्हणजे ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या एका ठोक्यात जेमतेम ५ सेंटिमीटर; आणि मागणी नोंदवणे, दुसऱ्याची कॅश तपासणे, उत्तर परत पाठवणे यांत त्याहून कितीतरी अधिक वेळ जातो. जवळची आणि लांबची अशी दोन प्रकारची मेमरी असलेली ही रचना नवीन नव्हती. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली उभारलेल्या परम ८००० या महासंगणकातही प्रत्येक ट्रान्सप्युटरला, म्हणजे त्यातल्या प्रत्येक प्रोसेसरला, स्वतःची मेमरी होती. मात्र तिथे शेजाऱ्याच्या मेमरीला थेट हात लावता येत नसे, निरोप पाठवूनच माहिती मागवावी लागे आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे अंतर कायम जाणवत राही. एसआर-२मध्ये सगळी मेमरी एकच असल्यासारखी दिसते, आणि गफलत तिथेच होते.

ती कशी होते ते पाहण्यासारखे आहे. ऑपरेटिंग सिस्टीम सहसा मेमरीचे पान, म्हणजे मेमरीचा एक ठरावीक तुकडा, त्या प्रोसेसरच्या बाजूला देते, ज्याने त्यावर प्रथम लिहिले. पुष्कळ प्रोग्राम सुरुवातीला एकाच थ्रेडकडून, म्हणजे कामाच्या एकाच धाग्याकडून, सगळी रांग शून्यांनी भरून घेतात आणि मग दोन्ही प्रोसेसरांना कामाला लावतात. परिणामी सगळी माहिती पहिल्याच्या स्लॉटमध्ये साठते, दुसऱ्याच्या तीन वाहिन्यांचे राजमार्ग ओस पडतात आणि दोघे मिळून पहिल्याच्याच तव्याभोवती गर्दी करतात. सुरुवातीचे शून्य भरण्याचे कामही दोघांत वाटून दिले की ही गर्दी मोडते. पैसे वाचवण्यासाठी मेमरीच्या सगळ्या पट्ट्या एकाच बाजूच्या स्लॉटमध्ये बसवणाऱ्याच्या यंत्रात मात्र हा दोष प्रोग्राम बदलूनही जात नाही. म्हणून असा बोर्ड घेणाऱ्याने दुसऱ्या प्रोसेसरची किंमत लिहिताना तिच्याखाली निदान तीन पट्ट्यांची किंमत लिहिलीच पाहिजे.

दोन सॉकेटांचा हा सगळा संसार पुढे एकाच सॉकेटच्या आत आला. एएमडीच्या २०१८ सालच्या थ्रेडरिपर २९९०डब्ल्यूएक्स या प्रोसेसरमध्ये ३२ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे गाभे, चार चिपांवर वाटलेले होते आणि त्यांपैकी दोन चिपांना मेमरीची थेट वाटच नव्हती. त्यांना प्रत्येक वेळी शेजारच्या चिपमधून जावे लागे. चित्र रंगवण्याच्या कामात तो प्रोसेसर चमकला आणि मेमरी ओढणाऱ्या कामांत अडखळला, अगदी बीपी६सारखाच. त्याच्या पुढच्या पिढीत कंपनीने सगळ्या चिपांची मेमरीची वाट मध्यभागी ठेवलेल्या एका वेगळ्या चिपमधून काढली आणि जवळ-लांबचा भेद बराचसा मिटवला. त्या पिढीतला ३९९०एक्स २०२० सालच्या फेब्रुवारीत आला: ६४ कोअर, १२८ थ्रेड, सॉकेट एकच. पण विंडोज एका गटात ६४ थ्रेडच धरते, त्यामुळे गटांची जाण नसलेले प्रोग्राम त्यावर एकाच गटात अडकून पडत, आणि उरलेला अर्धा प्रोसेसर विंडोज ९८मधल्या दुसऱ्या सेलेरॉनसारखा रिकामा राही.